कल्ला

मासा घेताना मी आधी डोळा बघत नाही.
डोळ्याला बर्फ फसवतो.
कल्ला उचलते, आत बोट घालते,
लाल आहे की विटकरी, ते कळलं
की मग दराचं बोलणं.

होडीला कल्ला कुठे असतो?

साखरी नाट्याच्या खाडीत, ओहोटीला,
एका कुशीवर कलंडलेली होती ती.
बत्तीस फूट. कागदावर अठरा वर्षांची.
निळा रंग इतका ताजा
की दिगूच्या सदऱ्याला लागला.
'आये, बरी दिसता गो,' तो म्हणाला.
म्हटलं, रविवारच्या बाजारात
सगळीच सुरमय बरी दिसता.

अब्बास वस्ता शेजारी उभे, टोपी हातात.
आपणहून काही बोलेनात.
विकणारा गप्प असला की मी जास्त घाबरते.
दिगू विचारत होता पंख्याचं, शाफ्टचं, डिझेलच्या कार्डाचं.
नऊ वर्षं लोकांच्या बोटीवर खलाशी,
आणि बाप असा की त्याला पाणी लागतं,
देवगडात रिक्षा चालवतो.
मी आपली चिखलातून, फळीफळीवर
बोटाच्या पेरांनी ठोकत गेले,
फणस ठोकतात तशी.
नाळेपासून सातव्या फळीला आवाज बसला.
नखाने खरवडलं :
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा,
पांढऱ्याखाली काथ्या
आणि काथ्याला ओल.
'ही बदलायचीच होती,' वस्ता म्हणाले.
'मग?'
ते पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

इंजिनातलं मला काही कळत नाही.
दिगूने झाकण उघडलं, खूश झाला :
तेल स्वच्छ, पट्टा नवा.
तो चालू करणार, त्याआधी
मी सहज हात ठेवला.
तापातल्या पोराच्या पाठीसारखं
गरम.

'वस्तानू, ही सकाळपासून कुणाची वाट बघते?'

त्यांनी टोपी घातली. पुन्हा काढली.
'गार असली की लवकर उठत नाही, बाय.
तिसऱ्या-चौथ्याला उठते, माझ्यासारखी.
म्हणून सातलाच येऊन उठवून ठेवली.'

दिगूचं तोंड उतरलं.
माझं बोट मात्र आता कुठे
कल्ल्यापर्यंत पोचलं होतं.

म्हटलं, भरती येऊ दे.
रात्रभर तरंगू दे तिला.
सकाळी बघते, किती पाणी पिते.

रात्री जैतापुरात नणंदेकडे राहिलो.
तिने विचारलं, किती मागतो.
सांगितलं. ती म्हणाली, एवढ्यात
भावाला दुसरी रिक्षा येईल.
मी कूस बदलली.
पतपेढीचा अर्ज पिशवीत होता, सहीशिवाय,
आणि हातात पाटल्या,
ज्या मी मोजत नव्हते असं मला वाटत होतं.

सहाला खाडी भरून परतू लागली होती.
रंगाचा रिकामा डबा घेऊन दिगू उपसू लागला,
मी मोजायला.
एक, दोन, पाच, नऊ.
अकरा डबे.
आमची पडवी श्रावणात याहून जास्त पिते,
आणि तिच्यात राहतोच की आम्ही.

इंजिन थंडगार. मीच हात ठेवून बघितला.
पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला उचकी.
तिसऱ्याला दिगूने शिवी दिली.
चौथ्याला उठली, खोकत, काळा धूर काढत,
आणि मग एका लयीत लागली.

तेव्हा दिसलं : नाळेवर 'सकीना',
पांढरी अक्षरं, जुनीच, पोपडे धरलेली.
नवा निळा त्यांच्या कडेकडेने फिरवलेला,
बारीक ब्रशने, वेलांटीच्या पोटातूनसुद्धा.
'लेक,' वस्ता म्हणाले. 'कतारला असते.'
मग काठावर आल्यावर,
'नाव बदलाल?'

मी दर सांगितला.
मागितल्याहून चाळीस हजार कमी,
सातव्या फळीचे त्यातून वेगळे.
नावाचं काही बोलले नाही,
कारण ते मी ठरवलंच नव्हतं.

वस्तांनी होडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
म्हणाले, 'विचार करून सांगतो.'